घाट उजेडात बघायचा होता

आईला तळेगावचा घाट बघायचा होता, उजेडात. काचबिंदूने तिची बरीच नजर गेली होती आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दिवसा तिला समोरचं तेवढं दिसायचं, दिवेलागणीनंतर काहीच नाही. घाटापलीकडे तिचं माहेर. पळस फुलले की त्या जंगलातून एकदा ने, एवढंच तिने मागितलं होतं. ती माझ्याकडे कधी काही मागत नाही.

म्हणून हिंगणघाटहून सकाळीच निघालो. गाडी मी चालवत होते. अडचण एकच, वाटेत रोहणा लागतं आणि तिथे रस्त्यालगतच आत्याचं घर. आमच्याकडे नातेवाइकाच्या दारावरून न थांबता गेलं की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. आईला मी बजावलं, पदर घे आणि खाली वाक. तिने मुकाट्याने तसं केलंही. पण गतिरोधक नेमका आत्याच्या दारासमोर! गाडी हळू झाली आणि ओट्यावर तूर पाखडत बसलेली आत्या सूप टाकून उठली.

"वहिनी, दारावरून चालल्या अन् थांबून नाई राह्यल्या? काऊन, मेलो का आम्ही?"

चहा झाला, पोहे झाले. आत्याने पाटवडीसाठी बेसन काढलं तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईला उजेडात जंगल दाखवायचंय, हे मी दोनदा सांगितलं. "जंगल काय पळून जाते का वो," म्हणत ती मसाला वाटायला बसली. ऊठ म्हणून मी बाजूने तिला डोळ्यांनी सारखी खुणावत होते आणि तिला माझ्या खुणा दिसत नव्हत्या.

जेवण आटोपून निघायला साडेचार वाजले, तोवर आत्याने वाटेवरच्या आर्वीतल्या लेकीला फोन लावला होता. "मामी येऊन राह्यली, चहा ठेवजो." झालं, तिथेही तास दीड तास गेला.

घाटात शिरलो तेव्हा काळोख पडला होता. पुढे ट्रकचे लाल दिवे, बाजूला नुसती काळी झाडं. आईने कपाळ काचेला टेकवलं होतं.

"पळस फुलला काय वो?"

"फुललाय ना. लालभडक."

"तुले तरी दिसून राह्यला का?"

आत्याचा राग, त्या गतिरोधकाचा राग, दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेणाऱ्या आईचाही राग. स्टिअरिंगवर हात आपटावासा वाटत होता. उतार लागला, माहेरच्या गावाचे दिवे दिसू लागले. त्या घरून आई आजवर कधी जेवल्याशिवाय निघालेली नाही. तिचा भाऊ निघूच देत नाही.

"उद्या सकाळी भाऊ जेवून जा म्हणीन," ती काचेकडे बघतच म्हणाली. "आपण थांबाचं नाई. उपाशीच निघू. रुसला तर रुसू दे."