मुकं झालेलं जनुक

नागपूर-लाखांदूर एसटीत तो माझ्या शेजारी होता. इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर रुमाल धरूनच बोलत होता. त्याच्या वीर्यात बीज नाही, असं डॉक्टरांनी त्याला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी प्रयोगशाळेत असतो हे कळताच त्याने माझं काम विचारलं.

"पुरुषाचं बीज ज्यांतून तयार होतं, त्या मूळ पेशी वाढवतो. त्यांतलं एक जनुक मुकं केलं, म्हणजे बंद पाडलं, की वाढ थांबते, पेशी मरतात."

तो दचकला. "मंग माह्यातलं कोनं मुकं केलं असन जी?"

"कोणी नाही. कधी आपोआपही होत असावं."

"आपोआप? मंग हात कोनाले जोडू?"



लाखांदूरला तो माझ्याआधी उतरला; त्याची बायको माझ्या खिडकीखालीच उभी होती. "काय म्हनले डॉक्टर?"

"सगळं बराबर हाये," तो म्हणाला, आणि मी खिडकीतून काही बोलतो की काय, या भीतीने माझ्याकडे बघत राहिला.