करंगळी सरळ होती

हवालदाराचा फोन आला तेव्हा थोरली बेकरीत कापलेला ब्रेड पिशव्यांत भरत होती. नंबर ओळखीचा दिसला तरी तिने हातातली पिशवी आधी नीट बंद केली, मगच फोन उचलला. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी हा फोन आला की ती मटकन खाली बसायची, शेजारची बाई तिला पाणी आणून द्यायची. आता शेजारची बाई नुसती मान वर करून बघायची आणि परत कामाला लागायची.

"ताई, एक आलाय," हवालदार म्हणाला. "वय जुळतंय, उंची जुळतेय. बघून जा."

"येते," थोरली म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ घरातून गेला त्याला कितीतरी वर्षं झाली होती. भांडण नाही, तंटा नाही, कुणाच्या प्रेमात नाही. पंप दुरुस्तीचं काम बघून जेवायच्या वेळेला येतो म्हणाला आणि आलाच नाही. आईने त्याचं ताट झाकून ठेवलं होतं. वडिलांनी आधी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या, मग हाय खाल्ली आणि एक दिवस तेही गेले. तेव्हापासून आसपास कुठे बेवारस पुरुष सापडला आणि वयाचा अंदाज जुळला की हवालदार थोरलीला फोन करायचा. ती जायची, बघायची, मान हलवायची, परत यायची.

सुरुवातीला नवरा बरोबर असायचा. तो शाळेची व्हॅन चालवायचा. अजूनही तो हातात किल्ली घेऊन "मी येतो" म्हणायचा, पण पोरं शाळेच्या दारात ताटकळतील म्हणून तीच त्याला थांबवायची. हळूहळू त्याचं म्हणणं आणि तिचं नको म्हणणं हा नुसता रिवाज होऊन बसला होता.

बेकरीचा मालक माणूस वाईट नव्हता. पहिल्या वेळी त्याने स्वतः तिला रिक्षात बसवून दिलं होतं. आज तो पिठाचे हात झटकत म्हणाला, "जा. आणि येताना तेवढं यीस्ट घेऊन ये, त्याच रस्त्याला आहे." थोरलीला रागही आला नाही. मालक तरी काय करणार, रोज रडणाऱ्याबरोबर रोज कोण रडणार.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. तिथे बसल्या बसल्या तिच्या मनात जे आलं ते एकदम आलं नव्हतं. मागच्या दोन-तीन खेपांपासून ते आत कुठेतरी घर करून होतं. या वेळी हो म्हणायचं. जो कुणी असेल तो. हा माझा भाऊ म्हणायचं, सही करायची आणि मोकळं व्हायचं. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई अंथरुणाला खिळली होती, पण डोकं शाबूत होतं आणि जीव टांगणीला लागलेला होता. तिला एकदा रडून घेता येईल. या बिचाऱ्याचं तरी कोण आहे? बेवारस जाण्यापेक्षा कुणाचा तरी होऊन जाईल. यात कुणाचं काय वाईट होतंय, असं तिने स्वतःला बजावलं आणि उतरायच्या आत तिचं मन पक्कं झालं.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला शवागार होतं. बाहेरच्या बोळात फिनेलचा वास, डोक्यावर लुकलुकणारी ट्यूबलाइट आणि भिंतीला टेकवलेलं एक लाकडी बाक. या बाकाचा कुठला पाय डुगडुगतो हेसुद्धा थोरलीला पाठ झालं होतं. हवालदार बुटांच्या नाड्या सैल करून उभा होता. त्याच्या पायांना सूज यायची. आज तो तिच्याकडे नीट बघत नव्हता.

कारण बाकावर आधीच एक म्हातारा बसला होता. मांडीवर कापडी पिशवी, तिच्या तोंडातून इस्त्री केलेल्या शर्टाची कॉलर दिसत होती. हवालदाराने तिला बाजूला घेऊन सांगितलं की आजोबाही याच मयतासाठी आलेत, वर्णन दोन्हीकडे जुळत होतं, म्हणून दोघांना बोलावणं भाग पडलं. चेहऱ्यावरून मात्र काही कळायचं नाही, बरेच दिवस पडून होता बिचारा पुलाखाली.

म्हाताऱ्याने सरकून तिला जागा दिली.

"तूही यालाच बघायला आलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"म्हणजे आज एकाला तरी मिळणार," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंसं वाटलं असावं, कारण मग तो बराच वेळ पिशवीची कड चाचपत राहिला.

मग हळूहळू बोलता झाला. जन्मभर त्याने गवंडीकाम केलं. एकुलता एक मुलगा, डोक्याने फिरला आणि उठून चालू लागला. कधी या गावात दिसला, कधी त्या गावात, मग दिसायचाच बंद झाला. म्हातारा दर खेपेला धुतलेले कपडे घेऊन यायचा. जिवंत सापडला तरी लागतील, नाही तरी लागतील. सून माहेरी गेली, तिला तो दोष देत नव्हता. थोरली हं हं करत होती. तिला हे ऐकायचं नव्हतं. उठून आत जावं, हो म्हणावं आणि परतीची बस पकडावी, एवढंच तिच्या मनात होतं. पण कानांवर हात कसे ठेवणार?

हवालदाराने आत चला म्हटलं. आजोबा आधी आले होते, म्हणून पहिली पाळी त्यांची. म्हातारा उठला, दारापर्यंत गेला आणि चौकटीला धरून उभाच राहिला. पाऊल काही उचलेना. परत येऊन बसला आणि पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

"चेहरा राहिला नाही म्हणतात," तो थोरलीला म्हणाला. "आजवर मी चेहराच बघत आलो. आज माझ्याच्याने होणार नाही. तू बघ, पोरी."

"हवालदारसाहेब बघतील ना, आजोबा."

"पोलिसाने सांगितलेलं मला पटायचं नाही. घरच्या माणसाने बघायला हवं."

"मी तुमच्या घरची नाही."

"इथं दुसरं कोण आहे?" म्हातारा म्हणाला.

त्याने खूण सांगितली. मुलगा लहान असताना बापाचा डबा घेऊन कामावर आला आणि भिजवलेल्या चुन्यात पाय घालून बसला. उजव्या पावलावर, वरच्या बाजूला, भाजल्याचा पांढरा डाग. नाण्याएवढा नाही, चांगला मोठा.

थोरली आत गेली. तिथल्या कामगाराने ट्रे ओढला. चेहऱ्याकडे बघायचं नाही, काहीच बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, पण तोंडातून सवयीने निघून गेलं, "डावा हात दाखवा." धाकटा लहानपणी सायकलवरून पडला होता, करंगळीचं हाड कुणीतरी वेडंवाकडं बसवलं आणि ती कायमची आत वळली. हातमोजे घालायची वेळ आली की त्याची फजिती व्हायची.

करंगळी सरळ होती.

कामगार वाट बघत होता. हवालदारही दारात उभा होता. ओठांवर शब्द तयार होते आणि कुणी उलट विचारणार नव्हतं. पण आता तो मेलेला माणूस कुणाचाच नाही असं म्हणायची सोय राहिली नव्हती. बाहेर इस्त्रीचे कपडे घेऊन एक जण बसला होता. थोरलीला त्या म्हाताऱ्याचा मनस्वी राग आला. आजच कशाला आला, उद्या आला असता तर काय बिघडलं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने उजवा पाय दाखवायला सांगितला.

बाहेर येऊन ती त्याच्या शेजारी बसली.

"पायावर?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आहे."

"उजव्या?"

"उजव्याच."

त्याने मान हलवली. पिशवीतून शर्ट काढला, मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवला. "इस्त्री मोडली नाही ना गं?" तो म्हणाला.

"नाही मोडली."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुझा नव्हता ना?" ती नाही म्हणाली. "बरं झालं," तो पुटपुटला, आणि खरंच बरं झालं की काय ते न कळल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ती लगेच निघू शकली असती, पण निघाली नाही. म्हाताऱ्याच्या भाच्याला तिने फोन केला. तो येईपर्यंत थांबली, कामगाराला मयताच्या शर्टाची बटणं लावायला मदत केली, म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला आत नेलं. या वेळी त्याचे पाय चालले. हवालदाराने तिला बसपर्यंत सोडलं आणि वाटेत पुन्हा तेच सांगितलं, जे तो बरेच दिवस सांगत होता: आईच्या तोंडातल्या लाळेचा नमुना द्या. प्रयोगशाळेतच डीएनए जुळवून बघतात, मग प्रत्येक वेळी ट्रे ओढायची पाळी येत नाही. थोरली ते टाळत आली होती. नमुना मागणं म्हणजे आईला तोंडावर सांगणं की तुझा मुलगा आम्ही मेलेल्यांत शोधतोय.

घरी पोचली तेव्हा आई जागीच होती. "करंगळी बघितलीस?" तिने विचारलं. दर वेळी ती एवढंच विचारायची; कुणाची, कुठे, हे दोघीही कधी उच्चारत नव्हत्या. थोरली म्हणाली, बघितली, सरळ होती. आईने डोळे मिटले.

स्वयंपाकघरात नवरा भांडी घासत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, बसमध्ये काय ठरवलं होतं तेही. त्याने नळ बंद केला.

"आणि आईने करंगळी विचारली असती तर?"

"वाकडी होती म्हटलं असतं."

"तू?" तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा माझ्या व्हॅनमधली बालवाडीतली पोरं सफाईने थापा मारतात."

थोरलीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती तिथेच ओट्याला टेकून रडली. नवऱ्याने ओले हात सदऱ्याला पुसले आणि तिच्या पाठीवर ठेवले. पुढच्या खेपेला पोरांना त्यांचे आईबाप आणतील, एक दिवस त्यांनाही कळू दे कसं असतं ते, असं तो म्हणाला.

सकाळी तिने आईला नमुन्याचं सांगितलं. आई म्हणाली, "मला काय वाटेल म्हणून थांबली होतीस? मी रोज रात्री त्याला मेलेला बघते. सकाळी पुन्हा जिवंत करते. तू बोलाव त्यांना."

प्रयोगशाळेतून एक मुलगी आली. तिने कापूस लावलेली काडी काढली आणि आजी, आ करा म्हणाली. आईने आ केला. काडी गालाच्या आतून फिरवून झाली, नळीत गेली, झाकण लागलं, तरी आई तोंड उघडं ठेवूनच होती. आणखी हवं असेल तर घ्या, असं.

त्यानंतर हवालदाराचे फोन कमी झाले. उत्तर यायला बरेच महिने लागले. बेवारस मयतांच्या ठेवलेल्या नमुन्यांपैकी एकाशीही जुळत नव्हतं; नवे येतील तसे ते बघत राहणार होते. थोरलीने बेकरीतून आल्या आल्या, हातपाय न धुताच, आईच्या उशाशी बसून हे सांगितलं.

"म्हणजे तिथे ठेवलेत त्यांच्यात तो नाही," आई म्हणाली.

"नाही."

"बरं." आईने मान वळवली. "मला जरा कूस बदलून दे. हा हात बधिर झालाय."