मागल्या दाराची वाट

घर सोडून पुण्याला निघालो तेव्हा मला निरोप दोनदा घ्यावा लागला. नव्वदच्या दशकाची सुरुवात. वरंधच्या फाट्यावर पुण्याला जाणारी आणि पुण्याहून येणारी अशा दोन एसट्या समोरासमोर थांबल्या. पाटी दोन्हींवर एकच: पुणे-महाड. आई रडत होती, तिला बघून मी रडत होतो, आणि त्या गडबडीत ट्रंकेसकट चढलो तो महाडच्या गाडीत. महाडच्या अलीकडची बिरवाडी दिसली तेव्हा कळलं. दुपारी परत फाट्यावर उतरलो, तर बाबा झाडाखाली बसलेले. "गाडी हालली तवाच म्हनलं, येतोय ह्यो परत. घरची सोडून एक वाट ठावी नाय ह्याला." दुसऱ्या निरोपाला कुणी रडलं नाही. आई तर पदराआड हसत होती.

पुण्यात जर्मन शिकलो, कारण फ्रेंचच्या वर्गात जागा उरली नव्हती. टेलिफोन एक्स्चेंज बसवणाऱ्या एका कंपनीला जर्मन पुस्तिका वाचणारा माणूस हवा होता. वाचता वाचता हातात वायरी आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात मी एका डॉक्टरांचे फोन मंगल कार्यालयात वळवून दिले. पुढे एक्स्चेंजचे कॉम्प्युटर झाले, मग माझाही कॉम्प्युटरवाला झाला. कंपनीनं मला जर्मनीत धाडलं. तिथं माझं जर्मन ऐकून लोक लगेच इंग्रजीवर येतात.

तिथंच कळलं की इंटरनेटवर जगभरची हौशी माणसं मिळून एक नकाशा काढतायत. आपला मुलूख उघडला, तर हायवेची एक रेघ, घाटाची एक रेघ, बाकी सगळं कोरं. आमची वाडीच नाही! मग काय, हिवाळ्याचे सगळे रविवार बसलो. नदी, देऊळ, पाणवठा, आणि डोंगरावरून शिवथरकडे उतरणारी पायवाट, सगळं आठवणीतून काढलं. फार अभिमान वाटला.

काही महिन्यांनी बाबांचा फोन. "आरं, काय करून ठेवलंस त्या कंप्युटरात? पुन्याची आठ मानसं गोठ्यात हुबी हायत. कागद दाखवतात, म्हनं शिवथरची वाट हितनंच!"

नकाशा उघडून बघितला. खरी वाट देवळापासून निघते. माझी निघत होती आमच्या मागल्या दारातून, गोठ्यातून आरपार. लहानपणी मी जिकडे गेलो तो त्याच दारानं. माझ्या डोक्यात जगातल्या सगळ्या वाटा तिथूनच सुरू होत होत्या.

"आत्ता पुसतो," मी म्हणालो. तेवढ्यात आईनं फोन ओढून घेतला. "नको रे पुसू! निम्म्या घरांना कुलपं हायत हितं. किती दिसांनी एवढ्या भाकऱ्या थापल्या मी."

मागून बाबा: "अगो, वाट चुकून आल्यात ती!"

"चुकून आली, पन जेवली ना?"

तुम्ही वाडीवर राहिलेले आणि माझ्यासारखे पांगलेले, सांगा, काय करायचं? चुकीची वाट ठेवली तर उद्या कुणी दरीत जायचा. म्हणून बाबा काठी घेऊन खरी वाट स्वतः उतरून आले, फोनवर एकेक वळण सांगत गेले, मी काढत गेलो. जन्मात पहिल्यांदा मला वाट बरोबर दाखवता आली. मग देवळापासून आमच्या मागल्या दारापर्यंत एक बारीक रेघ ओढली, तीही खरीच आहे, आणि तिच्या टोकाला खूण केली: पिण्याचं पाणी.

भाकरीची खूण त्या नकाशात नाही. पण पाणी प्यायला आलेल्याला आई तसं सोडत नाही. दर रविवारी फोनवर हजेरी सांगते: "काल तिघं आलते रे."

मी वर्षातून एकदा जातो. घरासाठी नकाशा लागत नाही. परतीला मात्र फाट्यावर एसटीचं तोंड कुठं आहे ते बाबाच बघतात, आणि मगच माझी बॅग वर चढवतात.