टेबलापलीकडचे हात

ठोंबरे सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी ऑपरेशनसाठी हात धूत होते. सिस्टरने दारातूनच सांगितले. मी नळ बंद केला नाही. पेशंट टेबलावर होता, आणि धुणे अर्धवट सोडलेले सरांना चालले नसते… त्याला आता तीन आठवडे झाले.

एम.एस.च्या शेवटच्या वर्षी मी नागपुरात त्यांच्या हाताखाली होते. परीक्षेच्या अर्जाआधी आमच्या नोंदवहीत ठरावीक ऑपरेशने ‘स्वतः केली’ अशी लिहिलेली असावी लागत, प्रत्येक नोंदीखाली सरांची सही. माझे एकच कमी पडत होते. काटोलच्या एका बाईंचे पित्ताशय मी काढले आणि त्याच दुपारी ‘स्वतः’ असे लिहून वही त्यांच्यापुढे ठेवली. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

“रक्त कोणी थांबवलं?” सरांनी विचारले.

“आपण, सर. पण फक्त अर्धं मिनिट.”

विभागात सरांची वऱ्हाडी रागातच ऐकू येई. “त्या बाईचा जीव त्याच अर्ध्या मिनिटात होता, वं. मंग ‘स्वतः’ काहून लिवलं?”

माझ्या जागी मुलगा असता तर इतकी चौकशी झाली असती का, असे मी विचारले.

“मंग काय मुलगी म्हणून सही ठोकू?”

त्यांनी ‘स्वतः’ खोडून वर ‘मदतीने’ लिहिले आणि त्याखाली सही केली. माझे सहा महिने गेले. मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलू लागले. त्यांचे म्हणणे तर्काला पटले होते, हेच जास्त बोचत होते.

पुढच्या सत्रात तसेच ऑपरेशन आले. सर समोर उभे राहिले, हातमोजे घातलेले हात छातीशी धरून. मध्येच धमनी निसटली, जखम रक्ताने भरली. मी त्यांच्या हातांकडे पाहिले… ते हलले नाहीत. मग मी तिकडे पाहणे सोडले, बोटाने दाब दिला, चिमटा लावला. रक्त थांबले.

“आता लिव,” सर म्हणाले.

शेवटचा टाका घातल्यावर माझी नजर पुन्हा त्यांच्या हातांवर गेली. उजव्या मुठीत रक्तवाहिनीचा चिमटा होता, उघडून तयार धरलेला. तो सुरुवातीपासून तिथेच होता.

आता टेबलापलीकडे मी उभी असते, हात छातीशी धरून. समोरच्या विद्यार्थ्याला ते रिकामे वाटतात. तसेच वाटू देते. मूठ मात्र रिकामी नसते.