खुर्चीवाल्याचा जावई आणि बेकारीचे चार जाणकार

देशात बेकारी कुणामुळे आहे, हे मला पक्कं माहीत होतं. वकिलाला, ड्रायव्हरला आणि बाईंनाही माहीत होतं. अडचण एवढीच होती की चौघांना चार निरनिराळी कारणं माहीत होती, आणि ती एकमेकांच्या गळी उतरवायला आम्ही रोज सकाळी खुर्चीवाल्याच्या दुकानात जमायचो.

वकील हा काही वकील नव्हे. आयुष्यभर विम्याच्या पॉलिसी विकल्या त्याने. पण बोलताना समोरच्याला 'मुद्द्यावर या' म्हणायची खोड, म्हणून वकील. तो सध्याच्या सरकारच्या बाजूचा. ड्रायव्हर मात्र खरा ड्रायव्हर, बसवरून निवृत्त झालेला, आणि आधीच्या सरकारचा इतका कट्टर की त्या काळात रस्त्यावर खड्डेसुद्धा मऊ होते असं सांगायचा. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या मते दोष दोन्ही सरकारांचा नाही, उशिरा उठणाऱ्या पोरांचा. आणि मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातला निवृत्त कारकून. माझं मत सोमवारी एक, गुरुवारी दुसरं. मी आजवर तीनदा पक्ष बदलला आणि तिन्ही वेळा, ज्यात गेलो तो पक्ष पडला. राजकारणाचं एवढं सूक्ष्म भान आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला नाही.

खुर्चीवाला म्हणजे जुने सोफे, खुर्च्या उसवून नव्याने भरून देणारा कारागीर. बुटका, रुंद खांद्यांचा, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. सायकलच्या सीटा शिवण्यापासून सुरुवात केली, मग बसच्या, मग थेटरांच्या. बायको गेल्यावर एकट्याने मुलगी वाढवली. तिच्या स्थळांकडे बघायला जायचा तेव्हा माणसं बघायच्या आधी त्यांच्या घरातला सोफा दाबून बघायचा, असं लोक सांगतात. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "खोटं आहे. दाबत नव्हतो. नुसतं बसत होतो."

त्याच्या दुकानात कातडी, रेक्झिन, डिंक आणि काथ्याचा मिसळलेला वास. भिंतीवर स्प्रिंगांचे झुबके टांगलेले. मधोमध दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या खुर्च्या, आणि त्यांवर आम्ही. तो स्वतः मात्र उलट्या घातलेल्या पत्र्याच्या डब्यावर बसायचा. काम करताना ओठांत बारीक खिळ्यांची रांग धरलेली, त्यामुळे बोलणं नाहीच. अशा श्रोत्यासाठी माणसं सभागृहं भाड्याने घेतात, आम्हाला तो फुकट मिळाला होता. वर चहा. आणि कधी वाद थंडावलाच, तर तो खिळे तळहातावर काढायचा, अगदी भाबड्या चेहऱ्याने विचारायचा, "ते सगळं खरं, पण शेवटी दोष कुणाचा म्हणायचा?" आणि खिळे परत तोंडात. की पुन्हा दुपारपर्यंत आमची चिंता नाही.

मी घरी बायकोला सांगायचो, "शिकायची केवढी हौस आहे त्या माणसाला!"

हे असं छान चाललं होतं, आणि खुर्चीवाल्याच्या जावयाची नोकरी गेली.

जावई बिस्किटांच्या कारखान्यात होता. कारखाना एका आठवड्यात बंद झाला. मुलगी दवाखान्यात कामाला जायची, घर भागत होतं, पण दिवसभर भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून जावई सासऱ्याच्या दुकानात येऊ लागला. आला की दाराजवळ उभा. खुर्चीवाल्याला मदतनीस हवाच होता, हात भरून यायचे त्याचे, सुईत दोरा ओवायला मानेचे सतरा कोन करायचा. पण जावयाच्या हातात हातोडा कसा द्यायचा? "जावईबापू, तुम्ही बसा हो," एवढंच तो म्हणायचा. आणि सासऱ्याने बोलावल्याशिवाय हात कसा लावायचा, म्हणून जावई बसायचाही नाही. उसवलेल्या कापडांच्या घड्या घालायचा. त्याच त्याच घड्या. दोघं एकमेकांशी इतकं अदबीने वागायचे की बघणाऱ्याला गुदमरावं.

आम्हाला मात्र जावई म्हणजे पर्वणी होती. इतके दिवस आम्ही हवेतल्या बेकारीवर बोलत होतो, आता खरा बेकार समोर उभा! वकील त्याच्याकडे बोट करून म्हणायचा, "हे बघा, हे आधीच्यांचं पाप." ड्रायव्हर जावयाच्या खांद्यावर हात ठेवून वकिलाला त्याच्याच शब्दांत सुनवायचा, "बंद कुणाच्या काळात झाला? मुद्द्यावर ये." बाई विचारायच्या, "तू उठतोस किती वाजता?" आणि मी, सोमवार असेल तर वकिलाच्या बाजूने, नाहीतर ड्रायव्हरच्या. त्या जावयाला काय वाटतं, हे विचारायचं आमच्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आकृती काढलेल्या फळ्याला कुणी विचारतं का?

अशात खुर्चीवाल्याकडे शहरातल्या मोठ्या सभागृहाचं काम चालून आलं. सगळ्या खुर्च्या नव्याने भरायच्या होत्या. व्यवस्थापकाने आधी चार खुर्च्या नमुन्याला पाठवल्या. शनिवारी येऊन बसून बघणार, पसंत पडल्या तर सगळं काम याला. त्या दिवशी खुर्चीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे काम मिळालं ना, तर जावईबापूंना भागीदार म्हणून घेता येईल. उपकार केल्यासारखं दिसणार नाही. त्यांनाही मान, मलाही हात." मी म्हणालो, "काळजी करू नका, आम्ही आहोत ना."

आणि आम्ही होतो, हाच घोटाळा झाला.

बुधवारी आम्ही चौघं त्या चार नमुन्याच्या खुर्च्यांवर बसलो होतो. वर अजून नुसतं तरट ठोकलेलं, शेवटचं कापड चढायचं होतं. वाद रंगला आणि वकील बोलून गेला, "अहो, आधीच्यांनी लायकी न बघता भरती केली. या जावईबापूंचंच घ्या—"

ड्रायव्हर उभा राहिला. "तोंड सांभाळ. या वकिलाबरोबर पुन्हा एका छपराखाली बसलो तर ड्रायव्हर म्हणवून घेणार नाही." आणि गेला.

वकील म्हणाला, "माझा अपमान झालेला आहे," आणि गेला. बाई म्हणाल्या, "माझं मत कुणी विचारलंच नाही," आणि गेल्या. आता मी एकटा कुणाशी भांडणार? मीही गेलो. निघताना जावयाकडे बघितलं. तो घडी घालत होता. खुर्चीवाल्याच्या तोंडात खिळे होते, पण डोळे असे, की खिळे गिळलेत की काय असं वाटावं.

गुरुवारी संध्याकाळी खुर्चीवाला माझ्या दारात. "उद्या या. तुमच्यावाचून अडलंय."

मला कोण धन्यता वाटली! मी पाय पसरून म्हणालो, "येतो, पण आधी वकिलाने माफी मागितली पाहिजे. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"माफी मागवून घ्या नंतर. आधी काथ्या दबू दे."

"काथ्या?"

मग त्याच्या तोंडून निघालं. नवी खुर्ची भरली की आतला काथ्या आणि स्प्रिंगा काही दिवस दबाव्या लागतात. मगच वरचं कापड ताणून ठोकायचं, नाहीतर माणूस बसून उठला की सुरकुत्या. वाळूची पोती ठेवली तर मधोमध खड्डा पडतो. जिवंत माणूस लागतो. तोही चुळबुळणारा. "आणि भांडणाऱ्या माणसाइतकं कुणी चुळबुळत नाही हो," तो अजिजीने म्हणाला. "तुम्ही तावात आलात की पुढच्या कडेवर येता. ड्रायव्हरसाहेब डावीकडे झुकतात. वकील उठून पुन्हा दाणकन बसतात, त्याने मधली स्प्रिंग छान दबते. बाई जड आहेत, पण हलत नाहीत, म्हणून त्यांना मुद्दाम उशिरा उठणाऱ्या पोरांचं काढून द्यावं लागतं."

आतल्या खोलीत बायको हसत होती. आधी दबून, मग उघड. बाहेर येऊन डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, इतकी वर्षं यांना घरात बसवून ठेवलं, मला एक उशी दाबून घ्यायचं सुचलं नाही!"

मी संतापाने उभा राहिलो आणि पुन्हा बसलो. खुर्चीवाल्याने नकळत माझ्या सोफ्याकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, मी जाणार नव्हतो. पण बायको म्हणाली, "मुकाट्याने जा. त्या पोराचं काम आहे." उरलेल्या तिघांच्या घरीही हेच झालं असावं, कारण शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं आपापल्या खुर्चीवर हजर. फोटो काढायला बसवल्यासारखे.

कुणी बोलेना. आपण कशाला बसलोय हे माहीत झाल्यावर माणसाला हलता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. बाईंनी हळूच विचारलं, "झुलायचं का?" वकील कुल्ला इकडचा तिकडे करून बघत होता, पण त्यात जीव नव्हता. खुर्चीवाल्याने खिळे काढले आणि केविलवाणा प्रयत्न केला. "मग... बेकारीचा दोष कुणाचा म्हणायचा?"

"दोन्हीकडचा आहे थोडा थोडा," ड्रायव्हर म्हणाला.

"बरोबर आहे," वकील म्हणाला.

झालं! आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं, तेही नेमकं त्या दिवशी. खुर्च्या जशाच्या तशा फुगलेल्या. मी मान खाली घालून तरटाचे धागे बघत बसलो. उद्या व्यवस्थापक येणार, बसणार, आणि त्या पोराचा हात रिकामाच राहणार.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला. पहिल्यांदाच. "मी गेल्या निवडणुकीत मत दिलं नाही," जावई म्हणाला.

वकील खुर्चीच्या कडेवर आला. "काय?"

"आळस केला. झोपलो होतो."

बाईंचा श्वास आत गेला तो बाहेर येईना. "झोपला होतास? किती वाजेपर्यंत?"

"आणि त्याच्या आधीच्याही वेळी नाही. कुणीही आलं तरी काय फरक पडतो?"

आता ड्रायव्हर उसळला. "फरक पडत नाही? अरे, आम्ही इथे घसा फोडतोय तो कुणासाठी?" "तुझ्यासारख्यांमुळेच तर हे लोक निवडून येतात!" वकील ओरडला. "हे लोक म्हणजे कोण? मुद्द्यावर ये!" ड्रायव्हर त्याच्यावर उलटला. बाई इतक्या हलल्या की खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. आणि मी? मला अखेर दोषी सापडला होता, जो कुठल्याच पक्षाचा नव्हता. मी उठलो, बसलो, पुढे झालो, मागे झालो. काथ्याबिथ्या सगळं विसरलो.

आणि जावई शांतपणे आमच्यामधून फिरत होता. "ड्रायव्हरकाका, जरा उजवीकडे वळून सांगा, मला ऐकू नाही आलं." ड्रायव्हर उजवीकडे वळून ओरडला. "बाई, तुम्ही मागे टेकून सांगा, दम लागेल." माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, तुम्हाला काहीच वाटत नाही का यावर?" मी ताडकन उभा राहिलो आणि धपकन बसलो. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. खुर्चीच्या कडेवर होती.

खुर्चीवाला हे बघत होता. हातोडा हातातच राहिला होता त्याचा. घड्या घालता घालता पोराने सगळं बघून ठेवलं होतं. कुठला कोपरा वर आहे, कुणाला कशाने राग येतो, सगळं. दुपारनंतर खुर्चीवाला जागेवरूनच म्हणाला, "जावईबापू, बाईंची खुर्ची झाली वाटतं?"

"मागची बाजू थोडी राहिलीय," जावई म्हणाला. "अजून एकदा उशिरा उठण्याचं काढतो."

रात्री दोघांनी मिळून कापड चढवलं. शनिवारी व्यवस्थापक आला. उंच, कोरडा माणूस. चारही खुर्च्यांवर बसला, हाताने कडा चेपल्या, उठला, मागे वळून सुरकुती पडलीय का ते वाकून बघितलं. नव्हती. आम्ही चौघं समोरच्या फुटपाथवर, एखाद्याचा निकाल लागावा तसे उभे.

"कारागीर किती जण आहात?" त्याने विचारलं. "काम मोठं आहे."

"आम्ही दोघं," खुर्चीवाला म्हणाला.

"ठीक आहे. सोमवारपासून पंधरा पंधरा खुर्च्या पाठवतो."

तो गेल्यावर खुर्चीवाल्याने ओठांत खिळे धरले, आणि मग काहीतरी आठवल्यासारखे परत काढले. "ए, तो दाभण दे रे इकडे," तो म्हणाला. जावईबापू नाही, तुम्ही नाही. जावई असा हसला की मी त्याला हसताना कधी बघितलंच नव्हतं हे मला तेव्हा कळलं. दाभण दिला आणि दुसरा पत्र्याचा डबा उलटा घालून सासऱ्यासमोर बसला.

मी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलंच, "खरं सांग, मत दिलं होतंस की नाही?" तर म्हणाला, "काका, मतदान गुप्त असतं."

आता सभागृहाच्या खुर्च्या येतात तेव्हा आम्हाला निरोप येतो आणि आम्ही जातो. बेकारी कुणामुळे, हा वाद मागे पडलाय. सध्याचा वाद निराळा आहे, त्या पोराला रोजगार दिला कुणी? वकील म्हणतो, सध्याच्या सरकारने, सभागृहाला पैसे त्यांनीच मंजूर केले. ड्रायव्हर म्हणतो, सभागृह बांधलं कुणी? बाईंच्या मते तो त्यांच्यामुळे लवकर उठायला लागला. मी सांगतो की मी त्या दिवशी धपकन बसलो नसतो तर काहीच झालं नसतं, आणि हे मी अगदी पुढच्या कडेवर येऊन सांगतो. सासरा-जावई दोघंही खिळे तोंडात धरून ऐकतात. त्यांचं काय मत आहे, ते अजून कळलेलं नाही.