साहेब म्हणू नका

रत्नागिरीबाहेर कातळावर आंब्याचा पल्प करणारा एक कारखाना आहे. त्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं आहे. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या दिसतात. आमच्याकडे एक खोली, दोन टेबलं आणि एक पंखा होता. मी बीएस्सी होऊन पहिल्या दिवशी गेले तेव्हा आमच्या पहिल्या साहेबांनी माझ्या गुणपत्रिकेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक आंबा माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाले, "सांग गो, पिकलाय की कुजलाय?"

"कुजतोय," मी म्हटलं.

"चल, लाग कामाला."

हीच माझी मुलाखत.

साहेब बुटके होते. पोट पुढे आणि आवाज पोटाच्याही पुढे. ते फाटकातून आत शिरले की बॉयलरपर्यंत सगळ्यांना कळायचं. मेल्या, गाढवा, शुंभा ही त्यांची रोजची हजेरी. ज्याला सकाळपासून एकही शिवी पडली नाही तो दुपारी काळजीत पडायचा. कौतुक हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. माझं काम उत्तम झालं तर ते कागद वाचून नुसतं "हं" म्हणायचे. तो "हं" घेऊन मी घरी जायचे आणि आई विचारायची, आज काय झालं एवढं खूश व्हायला?

त्यांना देवमाणूस वगैरे ठरवायची माझी इच्छा नाही. मे महिन्यात कोणी लग्नाची रजा मागितली तर ते म्हणायचे, "आंब्याच्या दिवसात लग्न करतात ती माणसं की माकडं?" माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नात मी अक्षता पडल्यावर पोचले आणि पंगत उठायच्या आत परतले. आंबे कापणाऱ्या बायका दिवसभर उभ्या असायच्या. त्यांना स्टूल द्या म्हटलं तर साहेबांचं उत्तर तयार होतं, "बसला की माणूस झोपतो." स्वतः ते खुर्चीत बसून झोपायचे, त्यामुळे अनुभवाचे बोल होते.

पण एक प्रसंग मी विसरत नाही. डबे बंद करायच्या मशीनवर चिपळूणकडचा एक माणूस होता. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. एकदा त्याला पल्प तापवायच्या टाकीवर उभं केलं होतं, आणि तो वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायला विसरला. टाकीभर हापूस करपून काळा पडला. साहेब त्या दिवशी जयगडला गेले होते. परत आले आणि भाऊला शिव्यांनी असं काही झोडपलं की बाहेर टेम्पोवाल्यांनी रेडिओ बंद केला. तेवढ्यात कारखान्याचे मालक, म्हणजे शेठ, येऊन ठेपले.

"कोणी केलं हे?" शेठनी विचारलं.

"मी," साहेब म्हणाले.

"तुम्ही? तुम्ही तर जयगडला होतात."

"मग हंगामात मी जयगडला का होतो? तेच चुकलं."

शेठनी त्यांना बरंच सुनावलं. साहेब खाली मान घालून उभे. शेठची गाडी फाटकाबाहेर गेली आणि साहेब वळून भाऊला म्हणाले, "हां, तर काय सांगत होतो मी गाढवा?" आणि उरलेल्या शिव्या पुऱ्या केल्या.

पुढे मधुमेहाने त्यांचे पाय सुजायला लागले आणि ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, "मशीन पुसत जा. जेवायला काय आहे?"

त्यांच्या जागी पुण्याहून नवे साहेब आले. उंच, गोरे, इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. शेठच्या मुलाच्या ओळखीतले. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाले, "एक विनंती. मला साहेब म्हणू नका. मी तुमच्यातलाच आहे. नावाने हाक मारा."

आंबे कापणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्यातली सगळ्यात वडील बाई पदर सावरत म्हणाली, "परक्या बापयाला नावाने हाक मारायची? आम्ही आमच्या घोवाला मारत नाय!"

झालं असं, की त्यांना नावाने हाक मारायला कोणाची जीभ रेटेना आणि साहेब म्हणायला त्यांची बंदी. मग लोक त्यांच्यासमोर जाऊन नुसते खोकायला लागले. पावसाळ्यात तर कोण आजारी आणि कोणाला साहेबांशी काम आहे ते कळत नसे.

त्यांनी चांगलं काही केलं नाही असं नाही. आल्या आल्या बायकांना स्टुलं दिली. संडासाच्या दाराला कडी बसवली, जी इतकी वर्षं नव्हती आणि आम्ही गाणं म्हणत आत बसायचो. थंड पाण्याची सोय केली. वाढदिवसाला केक आणला. त्या स्टुलांसाठी बायका त्यांना अजून दुवा देतात, आणि ते बरोबरच आहे.

त्यांना आवडायच्या मात्र मीटिंगा. मीटिंगमध्ये ते प्रत्येकाला बोलायला लावायचे आणि प्रत्येक बोलण्यावर मान हलवून म्हणायचे, "छान मुद्दा." मला सुरुवातीला फार बरं वाटलं. एवढी वर्षं "हं" वर काढली होती. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आमचे साहेब माझं ऐकतात. तो म्हणाला, "ऐकतात की ऐकून घेतात?" मला राग आला. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी हा माणूस अधूनमधून बरोबर असतो, याचा मला त्रास होतो.

मे अखेरीला कॅनिंगचा, म्हणजे डब्यात भरायचा, आंबा धो धो यायला लागला. फाटकाबाहेर टेम्पोंची रांग, बागायतदार घामाघूम, उन्हात आंबा दर तासाला मऊ पडतोय. मी रोज काही डबे कापून झाकणाची घडी मोजते. डब्याच्या काठावर झाकण दुमडून बसतं, त्या घडीला आम्ही सीम म्हणतो. ती सैल राहिली की हवा आत जाते, पल्प आंबतो, डबा फुगतो. त्या दिवशी घडी सैल यायला लागली होती. भाऊही म्हणाला, घडी दाबणारा रोलर झिजलाय, बदलायला हवा. म्हणजे अर्धा दिवस मशीन बंद.

मीटिंगमध्ये मी मोजलेले डबे टेबलावर ठेवले आणि सांगितलं, "मशीन थांबवायला हवं. हे डबे पावसाळ्यात फुगतील."

"छान मुद्दा," नवे साहेब म्हणाले. "पण बाहेर रांग बघा. आपण जरा सकारात्मक विचार करूया."

मी पुन्हा बोलले. त्यांनी पुन्हा मान हलवली. भाऊ बोलला, त्याचाही मुद्दा छान निघाला. मग सगळ्यांनी चहा घेतला आणि मशीन चालू राहिलं. रोलरने सकारात्मक विचार केला नाही.

श्रावणात आखातातलं एक मोठं गिऱ्हाईक माल बघायला आलं. शेठ पांढऱ्या सफारीत, नवे साहेब टायमध्ये, मी मागे फाइल घेऊन. गोदामात शिरलो तर दारू गाळतात तसा वास. शेठ अभिमानाने डब्यांच्या एका थप्पीवर हात ठेवून म्हणाले, "हा आमचा हापूस." आणि हापूसने ओ दिली. फाटकन आवाज झाला, एक डबा फुटला, आणि शेठ छातीपासून गुडघ्यापर्यंत पिवळे झाले. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं, म्हणून वाचलं. मला हसू आलं आणि रडूही आलं. खोकल्याचं निमित्त करून मी तोंड दाबलं, तर नवे साहेब वळून म्हणाले, "काय काम आहे?"

संध्याकाळी शेठच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. नवे साहेब, भाऊ आणि मी. नवे साहेब शांतपणे म्हणाले, "चूक टीमची आहे. मी कोणा एकाला दोष देणार नाही. फक्त एवढंच, की मशीनवरून आणि लॅबकडून मला वेळेत कल्पना मिळाली असती, तर."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्याला घरी बसवतील हे त्याला कळलं होतं. माझ्या कानशिलांतून वाफ निघायला लागली.

"कल्पना दिली होती," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर. फुगतील हा शब्द वापरला होता. तुम्ही छान मुद्दा म्हणालात."

"मॅडम, मला तसं आठवत नाही."

"तुम्हाला कसं आठवेल? त्या दिवशी सगळ्यांचेच मुद्दे छान होते."

शेठनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या साहेबांना बोलावून घेतलं. ते काठी टेकत आले, पाय आणखी सुजलेले. त्यांनी सगळ्यांना ऐकलं, डबा हातात घेऊन सीमवरून नख फिरवलं, आणि ओरडायला सुरुवात केली ती माझ्यापासून.

"सांगितलंस ना? मग तो ऐकत नाय म्हटल्यावर बटण का नाय दाबलंस? बोटं नव्हती?"

"मला बंद करायचा अधिकार नाही, साहेब."

ते थांबले. मग शेठकडे वळले, आणि आवाज जराही कमी न करता म्हणाले, "ऐकलंत? जिला कळतं तिला अधिकार नाय. अधिकार आहे त्याला रांग दिसते. रांग दाखवतं कोण? रोज फोन करून किती डबे झाले विचारता, ते तुम्ही. मीपण रांग बघूनच मशीन चालवत होतो, फक्त माझं नशीब बरं होतं."

भाऊची नोकरी राहिली. नवे साहेब गेले, पण ते कसे? शेठच्याच पुण्याच्या ऑफिसात, वरच्या पदावर. जाताना त्यांनी मला मनापासून शुभेच्छा दिल्या, आणि मला वाटतं त्या खऱ्या होत्या. वाईट माणूस नव्हता. समोरच्याला नाही म्हणायचं नाही आणि वरच्याला तर मुळीच नाही, एवढ्या एका सवयीवर गोड बोलून तो जगत होता. अशा माणसाच्या हाताखाली काम करणं म्हणजे उशी लावलेल्या भिंतीवर डोकं आपटणं. लागत नाही, पण भिंतही हलत नाही.

त्यानंतर शेठनी उत्पादनाची जबाबदारी मला देऊ केली. मी एकच अट घातली, की मशीन बंद करायला मी कोणाला विचारणार नाही. शेठनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हो म्हणाले. बायका मला ताई म्हणायच्या, त्या ताईच म्हणत राहिल्या. भाऊ मला गमतीने साहेब म्हणायला लागला.

पुढच्या हंगामात, नेमका रांगेच्या दिवशी, मला सीम सैल वाटली. मी बटण दाबलं. पट्टा थांबला. अचानक एवढी शांतता झाली की बाहेरचे कावळे ऐकू आले. पाठोपाठ बागायतदारांचा आरडाओरडा आणि शेठचा फोन. भाऊने मशीन उघडलं. रोलर तपासले, मी डबे कापून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा मोजले. सगळं ठणठणीत होतं. माझं रोजचं मोजायचं यंत्रच शून्यावरून सरकलं होतं.

शेठ फोनवर मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या हाताखालची मुलगी रडवेली होऊन पुढे आली. सकाळी ते यंत्र तिने पुसलं होतं. शेठ विचारत होते, "कोणी केला हा घोळ?"

"मी बंद केलं, म्हणजे मीच केला," मी म्हटलं. फोन ठेवला, आणि तिच्याकडे वळून असे दोन शब्द वापरले जे माझ्या आईने माझ्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

भाऊने हात पुसले. "आता चालू करायला अर्धा तास जाईल," तो म्हणाला. "तोवर जेवून घेऊया. आज बांगडा आहे."

टेम्पोवाले अजून ओरडत होते. आम्ही स्टुलं ओढली आणि जेवायला बसलो. ती मुलगी दाराशीच उभी होती. "ये गो," मी म्हटलं, "उपाशी राहून यंत्र जागेवर येत नाय."