कोरडा झारा

आमच्या गल्लीत लग्न असो नाहीतर बारसं, चुलीपाशी सहादूभाऊच असायचे. घोटलेल्या वांग्यांची भाजी आणि बट्टी करावी तर सहादू आचाऱ्यानंच, असं त्यांच्या नांदगावाकडचे लोकही अजून म्हणतात. मोठ्या पातेल्यात मीठ टाकल्यावर ते चव घेऊन बघत नाहीत, नुसता वास घेतात आणि म्हणतात, "झालं." पंगत उठली की उष्ट्या ताटांमधून फिरतात. लोकांच्या तोंडच्या कौतुकावर त्यांचा विश्वास नाही, पुसून खाल्लेल्या ताटावर आहे.

मी त्यांच्या शेजारची, सिंधुबाई. ब्लाउज शिवते. माझं तोंड तिखट आहे असं गल्लीत म्हणतात, म्हणू देत. सहादूभाऊ जिना चढायला लागले की मी मशिनीवरून मान वर न करता ओळखते. लसूण, हिंग आणि तापलेलं तेल त्यांच्या अंगात मुरलंय.

एवढा नावाजलेला आचारी, पण घरी कधी चुलीला हात लावायचा नाही. लग्नाचं काम उरकून आले की मालनबाईंच्या हातचं पिठलं-भाकरीच हवं. दिवसभर फोडण्या दिलेल्या माणसाला स्वतःच्या हातचा घास उतरत नाही म्हणे. मालनबाई बिचाऱ्या लगेच परात घेऊन बसायच्या. त्यांची तक्रार एकच होती, आणि ती ऐकून ऐकून मला पाठ झाली होती. "सगळ्या जिल्ह्याला ह्यांनी गरम वाढलं ताई. मला मात्र पंगतीतून आणलेलं, डब्यात गार झालेलं. एक दिवस माझ्यासाठी म्हणून करा म्हणते, दोन माणसांचं." सहादूभाऊ मिशीत हसायचे. "सीझन संपू दे गं." आता आचाऱ्याचा सीझन कधी संपतो का? लग्नं आटोपली की वास्तुशांती, त्या आटोपल्या की कुणाचा तरी दहावा.

मग मालनबाईंच्या पोटात गाठ निघाली. केमो सुरू झाली आणि अन्न त्यांच्या घशाखाली उतरेना. सगळं लोखंडासारखं लागतं म्हणायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस देता येणार नाही. काही करा, पण बाईंना खायला घाला.

खायला घाला! सहादूभाऊंना सांगायची गोष्ट झाली का ही? त्यांनी सगळ्या ऑर्डरी सोडल्या आणि कमरेला पंचा बांधून घरच्या ओट्यापाशी उभे राहिले. आणि तिथंच सगळं अडलं. दोन माणसांचं मीठ किती, हे त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. पहिल्या दिवशीची भाजी खारट झाली, दुसऱ्या दिवशीची अळणी. शेवटी वैतागून त्यांनी माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं. "चव येत नाय ताई एवढुश्या भांड्यात," म्हणाले. एका बाईनं दोन घास खावेत म्हणून पन्नास माणसांचं वांगं शिजलं. आम्ही सगळ्यांनी वाट्या भरून नेलं, बोटं चाटून खाल्लं. मालनबाईंनी वाटी तोंडाजवळ नेली आणि तशाच मोरीकडे धावल्या.

रोज हेच. कधी कढी, कधी मऊ खिचडी, कधी रव्याची खीर. गल्लीचं वजन वाढत होतं आणि मालनबाईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. सहादूभाऊ समोर उकिडवे बसायचे. "एक घास, मालन. तुझ्यासाठी म्हणून केलंय." जन्मभर जे ऐकायचं होतं ते आता कानावर पडत होतं, आणि बाई तोंडाला पदर लावून बसलेली. मला ते बघवत नसे.

मध्येच येवल्याला त्यांच्या भाचीचं लग्न आलं. जाणं भाग होतं. मी मालनबाईंपाशी बसले आणि दुधात भाकरी कुस्करून दिली. बाईंनी चक्क सगळी खाल्ली! मी लगेच फोन लावला, तर पलीकडे हा दांडगा माणूस भर मांडवात रडायला लागला. दुसऱ्या दिवशी हसत हसत घरी आले, मालनबाईंच्या शेजारी टेकले, आणि बाईंना ओकारी आली. त्या दिवशी घरात काहीच शिजलं नव्हतं. "मी काय केलंच नाय आज," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी म्हटलं, पित्त असेल.

आठवड्याभरात त्यांनी मिशी काढली.

आमच्याकडे घरातलं कुणी गेल्याशिवाय पुरुष मिशी काढत नाही. बायको अंथरुणाला खिळलेली आणि हा माणूस तोंड गुळगुळीत करून फिरतो! गल्लीत नाही नाही ते बोललं जाऊ लागलं. वर त्यांनी पुन्हा ऑर्डरी धरल्या. सकाळी उठायचं, त्यांचा तो लांब दांड्याचा झारा धुवट फडक्यात गुंडाळायचा आणि निघायचं. जाताना उंबऱ्याबाहेरूनच मला म्हणायचे, "ताई, तेवढं जेवणाचं बघा." मी बघत होते, पण दात-ओठ खाऊन. बायको मरणाच्या दारात आणि ह्यांना लग्नं सुचतात, असं मी चार बायकांत बोलूनही दाखवलं.

एक दिवस अस्तराचं कापड आणायला गेले होते. हायवेवरच्या द्वारका चौकात रिक्षा बदलायला उतरले, तर एका बंद दुकानाच्या पायरीवर सहादूभाऊ बसलेले. मांडीवर तो झारा.

"कुठंय लग्न?" मी तिथंच सुरू झाले. "ह्या ट्रकांचं का?"

ते दचकले. "बसा ताई."

"बसत नाही. मिशी का काढली ते आधी सांगा. बाई जिवंत आहे अजून!"

"मिशीत वास ऱ्हातो, ताई."

मला काही कळेना. मग तेच सावकाश बोलायला लागले. "लिंबू चोळलं, बेसन लावलं, साबणानं घासून घासून कातडं सोललं. जात नाय. सारा जन्म चुलीपाशी गेला, तो वास हाय. मी जवळ गेलो का ती श्वास धरून बसती. तिला वाटतं, ह्यांना कळत नाय. पण मला कसं नाय कळणार? मी घरी नसलो का भाकर खाती. मंग मीच नसावं ना घरात?"

त्यांनी फडकं सोडून झारा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "काम करून गेलो तर अजून वास चढंल. म्हणून बसून ऱ्हातो. तिला सांगू नका, तिला वाईट वाटंल."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "जेवलीस का?... भाकर पुरी?... मी? मी जेवतो की आता. पंगत बसलीय ना, गलका ऐकू येतोय का?" समोरून ट्रक हॉर्न वाजवत गेला. मला इतका राग आला! पण कुणावर काढावा ते कळेना. मी रिक्षात बसले आणि अस्तर न घेताच घरी आले.

ही युक्ती लागू पडली, हे खरं. सहादूभाऊ दिवसभर बाहेर, मालनबाईंचं जेवण थोडंथोडं सुरू. वजन उतरायचं थांबलं आणि पुढचा डोस मिळाला. सहादूभाऊ संध्याकाळी यायचे, खालच्या नळावर आंघोळ करायचे, मग मोरीत जाऊन मालनबाईंचं ताट बघायचे. पुसलेलं दिसलं की दाराशी बसून, लांबूनच बायकोशी गप्पा मारायचे. हातात दुसरं काही नव्हतं, तर एवढंच सही.

परवा मी दुपारी गेले तर ताट जसंच्या तसं. दूध-भाकरीवर साय धरलेली.

"अहो, भाऊ तर सकाळीच गेले ना?" मी विचारलं.

"गेले." मालनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता त्यांच्या वासाचं नाय ताई. आता कशाचाच वास येत नाय. घासच खाली जात नाय, चार दिस झाले."

"मग त्यांना सांगायला नको? डॉक्टरांना सांगायला नको?"

"डॉक्टरला उद्या सांगू. ह्यांना नको." त्यांनी माझा हात धरला. हात कसला, नुसती हाडं. "द्वारकेला बसून ऱ्हात्यात. मला ठाऊक हाय. फोनमधी सारखे ट्रकच वाजत्यात, रिक्षावाले 'द्वारका उतरा' ओरडत्यात, पंगतीत कुठं ट्रक असत्यात व्हय? पण त्यांना वाटतं, आपण उन्हात बसलो का ही जेवती. तेवढं एक काम उरलंय त्यांच्या हातात. ते कशापायी काढून घेऊ?"

मी ताट उचलायला वाकले.

"चार दिस कसंबसं गायीला टाकलं. आता उठवत नाय. तुम्ही खाऊन टाका, ताई. आणि ताट धुऊ नका. धुतलेलं ताट त्यांना लगेच कळतं. पुसून खा."

मी तिथंच, त्यांच्यासमोर, मांडी घालून बसले आणि ती थंड दूध-भाकरी खाल्ली. शेवटी ताट बोटानं निपटून काढलं आणि मोरीत ठेवलं. मालनबाई बघत होत्या. मग त्यांनी फोन उचलला. "हो, जेवले. पुरी भाकर."

संध्याकाळी सहादूभाऊ आले. ओल्या केसांनी मोरीत डोकावले, ताट उचललं, उजेडाकडे धरून फिरवून बघितलं. मिशी नसलेला तो चेहरा लहान मुलासारखा फुलला.

"बघा ताई, कसं पुसून खाल्लंय!"

मी मान डोलावली. त्यांनी झारा खुंटीला अडकवला आणि दाराबाहेर, नेहमीपेक्षाही दोन हात लांब बसले.

"उद्या अजून लवकर निघतो," म्हणाले.